मिरचीच्या पाकिटावरील अक्षर टिकते कसे?
थर्मल रिबनची ओळख

नंदुरबारच्या बाजार समितीत ओली लाल मिरची येते, शहराभोवतीच्या पथारींवर वाळते आणि गिरणीतून पूड होऊन पाकिटात जाते. इथवरचे काम आपल्या व्यापारी बांधवांना पिढ्यान्‌पिढ्या अवगत आहे. परंतु माल कितीही उत्तम असला तरी पाकिटावरील तारीख पुसली गेली किंवा मशीनने बारकोड वाचला नाही, तर मोठ्या गावचा दुकानदार माल परत करतो. नुकसान लेबलामुळे होते आणि नाव मात्र मालाचे खराब होते. म्हणून लेबल छापणाऱ्या रिबनची माहिती करून घेणे अगत्याचे आहे.

छपाईच्या दोन पद्धती

उष्णतेने लेबल छापण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत रिबन नसते. कागदावरच रसायनाचा लेप असतो आणि उष्णता लागताच तो काळा पडतो. एटीएमची पावती अशीच निघते व काही महिन्यांत फिकी होते, हे आपण पाहिलेच आहे. ऊन, उष्णता आणि तेल हे या कागदाचे शत्रू आहेत. चार दिवसांत काम संपणाऱ्या कुरिअरच्या चिठ्ठीला तो चालतो. वर्षभर टिकणाऱ्या मसाल्याला चालत नाही.

दुसरी पद्धत रिबनची. कागद साधा असतो आणि शाई रिबनवरून येते. कोणता कागद आहे हे ओळखण्यासाठी त्यावर नखाने जोरात रेघ ओढावी. काळी रेघ उमटली तर तो पहिल्या प्रकारचा समजावा.

रिबनची रचना

बाजारात जिला ‘कार्बन’ म्हणतात, ती रिबन म्हणजे पॉलिएस्टरची अतिशय पातळ पट्टी असते. तिची जाडी साधारण साडेचार ते पाच मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाइतकी. तिच्या एका बाजूला शाईचा थर असतो. दुसऱ्या बाजूला गुळगुळीत लेप असतो, त्यामुळे छपाईच्या हेडची झीज कमी होते.

हेडमध्ये सूक्ष्म तापक ठिपक्यांची एक रांग असते. २०३ डीपीआयच्या मशीनमध्ये एका मिलिमीटरमध्ये आठ ठिपके, तर ३०० डीपीआयमध्ये सुमारे बारा. संगणकाच्या हुकमाप्रमाणे जो ठिपका तापतो, त्याच्याखालची शाई वितळून कागदाला चिकटते. बाकीची शाई पट्टीवरच राहते. म्हणून वापरलेली रिबन उजेडात धरली की छापलेला मजकूर पारदर्शक दिसतो. तेथील शाई निघून गेलेली असते. अशी रिबन उलटी गुंडाळून पुन्हा वापरली, तर अक्षरे तुटक येणारच.

तीन जाती

पहिली मेणाची, म्हणजे वॅक्स. ती कमी उष्णतेवर वितळते, स्वस्त असते आणि साध्या कागदावर ठसठशीत उमटते. पण घासली की पुसते व तेलाने पसरते. धान्याच्या पोत्यावरची चिठ्ठी किंवा गोदामाची नोंद यासाठी ती पुरेशी आहे.

दुसरी मेण आणि राळ यांच्या मिश्रणाची, वॅक्स-रेझिन. ती गुळगुळीत कागदावर व काही प्लास्टिक लेबलांवर चांगली बसते आणि घर्षण अधिक सोसते. मिरचीपुडीत तेलाचा अंश असतो, शिवाय खोक्यात पाकिटे एकमेकांवर घासतात. म्हणून मसाल्याच्या पाकिटासाठी ही जात मेणापेक्षा बरी.

तिसरी निव्वळ राळेची, रेझिन. तिला उष्णता जास्त लागते आणि किंमतही जास्त पडते. पण तेल, रसायने व धुणे ती सोसते. अत्तराच्या कुपीवर प्लास्टिक लेबल आणि रेझिन रिबन हीच जोडी योग्य. तयार कपड्यांत शिवल्या जाणाऱ्या धुलाईच्या पट्टीसाठीही रेझिनच वापरतात.

लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी की रिबन आणि लेबल यांची जोडी जुळली पाहिजे. महाग रेझिन खडबडीत कागदावर नीट बसत नाही आणि स्वस्त मेण प्लास्टिकवर टिकत नाही.

खरेदीचा हिशेब

रिबनची रुंदी लेबलापेक्षा थोडी जास्त घ्यावी, म्हणजे हेडची कड कागदावर थेट घासत नाही. शाई आतल्या बाजूला की बाहेरच्या, हे मशीनप्रमाणे ठरते. लेबलाची चिकट बाजू रिबनला लावून ओढावी. ज्या बाजूची शाई निघाली ती शाईची बाजू.

२५ मिलिमीटर लांबीचे लेबल आणि मध्ये ३ मिलिमीटर फट धरली, तर एका लेबलाला २८ मिलिमीटर रिबन जाते. ३०० मीटरच्या गुंडाळीतून सुमारे १०,७०० लेबले निघतात. शेजारी-शेजारी दोन लेबले असतील तर त्याच लांबीत दुप्पट. भाव विचारताना गुंडाळीचा न विचारता मीटरचा विचारावा.

दोष कसा ओळखावा

लेबल निघण्याच्या दिशेने सरळ पांढरी रेघ येत असेल, तर हेडवर घाण आहे किंवा एखादा ठिपका जळाला आहे. तिरप्या पांढऱ्या रेघा दिसल्या तर रिबनला सुरकुती पडली आहे. सर्वच छपाई फिकी असेल तर उष्णता कमी किंवा वेग जास्त आहे. अक्षरे जाड होऊन एकमेकांत मिसळत असतील तर उष्णता जास्त आहे. नवी गुंडाळी चढवताना दर वेळी मशीन बंद करून, हेड थंड झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे. गिरणीच्या खोलीत मशीन ठेवू नये, कारण उडणारी पूड हेडवर बसते. उन्हाळ्यात रिबन पत्र्याखाली न ठेवता सावलीत, कोरड्या जागी ठेवावी.

बारकोडविषयी दोन शब्द

२६ जून १९७४ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी च्युइंगमचे एक पाकीट दुकानात प्रथमच बारकोडने विकले गेले. भारतात हे क्रमांक जीएस१ इंडिया देते व त्यांची सुरुवात ८९० ने होते. मनाने रचलेला किंवा दुसऱ्याचा क्रमांक छापू नये.

दुकानातील अनेक स्कॅनरांचा प्रकाश लाल असतो. त्या प्रकाशात लाल रंग पांढऱ्यासारखा दिसतो. म्हणून मिरचीच्या पाकिटाला शोभते म्हणून लाल रेघांचा बारकोड छापला, तर तो वाचलाच जात नाही. पांढऱ्यावर काळा हाच उत्तम. दोन्ही बाजूंना कोरी जागा सोडावी.

लेबल ही अमानत

पाकीटबंद मालावर निव्वळ वजन आणि सर्व करांसह किंमत छापणे २०११ च्या वैधमापन नियमांनी बंधनकारक आहे. खाद्यपदार्थावर तारीख, बॅच क्रमांक आणि चौदा अंकी अन्नपरवाना क्रमांकही लागतो. छापलेल्या किमतीवर चिठ्ठी चिकटवून भाव वाढवता येत नाही.

मात्र आपल्यासाठी कायदा ही शेवटची पायरी आहे, पहिली नव्हे. मदीनेच्या बाजारात धान्याच्या ढिगात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हात घातला तेव्हा आतले धान्य ओले लागले. पावसाने भिजल्याचे विक्रेत्याने सांगितले, तेव्हा ओला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, अशी विचारणा त्यांनी केली व फसवणूक करणाऱ्याला आपल्यातला मानले नाही. अवकाळी पावसात पथारीवरची मिरची भिजलेली पाहणाऱ्या नंदुरबारच्या व्यापाऱ्याला हा प्रसंग वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. बंद पाकिटात गिऱ्हाईक हात घालू शकत नाही. त्याच्यासाठी तो हात म्हणजे लेबल. ते खरे असावे आणि माल संपेपर्यंत वाचता यावे, एवढी जबाबदारी आपली आहे.

आपल्या तरुणांसाठी यात रोजगारही आहे. एक संगणक, एक मशीन आणि रिबनचे हे ज्ञान एवढ्यावर मसालेवाले, नवापूरचे तूरडाळवाले, बेकरीवाले आणि शिलाई कारखानदार यांची लेबले छापून देण्याचे काम तालुक्याच्या गावीही सुरू करता येते. सुरुवात करण्यापूर्वी नमुन्याची दहा लेबले छापून ती तेलाच्या बोटाने घासून पाहावीत. जे अक्षर या परीक्षेत टिकेल, तेच गिऱ्हाइकाला द्यावे. इन्शाअल्लाह, कामाला बरकत येईल.