संगणकाची स्मृती वाढविताना

कला शाखेच्या विद्यार्थ्याने रॅमवर लेख लिहावा याचे काहींना नवल वाटेल. परंतु शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचा अर्ज, निकाल हे सारे आता संगणकाच्या पडद्यावर आले आहे. अलिबाग तालुक्यातील आमच्यासारख्या कोळी कुटुंबात जुना संगणक रखडू लागला म्हणजे 'नवा घ्यावा काय?' हा प्रश्न होडीच्या डिझेलाच्या हिशेबाशेजारीच येऊन बसतो. म्हणून हा अल्प प्रयत्न.

रॅम म्हणजे संगणकाची तात्पुरती स्मृती. माझी आई मासळी विकते. तिचेच उदाहरण घेतो. बर्फाच्या पेटीत माल कितीही असो, गिऱ्हाइकापुढे मांडायचा तो फळीवरच. पेटी ही हार्ड डिस्क, फळी ही रॅम. फळी अपुरी पडली की एक मासा पेटीत टाकून दुसरा वर काढावा लागतो. संगणकही तेच करतो आणि वेळ जातो तो तेथेच. (वीज गेली की फळी आपोआप रिकामी होते, एवढे मात्र आईच्या धंद्याला लागू नाही!)

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली सुरू झालेल्या 'टिफरॅक' संगणकाच्या स्मृतीत ४० बिटांचे २०४८ शब्द मावत; म्हणजे आजच्या मापाने १० किलोबाइट. ८ जीबीची एक पट्टी त्याच्या आठ लाख पटींहून मोठी आहे. तरी आपल्याला जागा पुरत नाही.

खरेदीपूर्वी दुखणे नेमके कोठे आहे ते पाहावे. नेहमीची कामे उघडून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकदम दाबावीत. टास्क मॅनेजरमध्ये मेमरी नव्वद टक्क्यांपुढे दिसली तर रॅम वाढवून उपयोग होईल. मेमरी निम्मी रिकामी असूनही यंत्र रखडत असेल, तर दोष बहुधा जुन्या हार्ड डिस्कचा. तेथे रॅमवरचा पैसा पाण्यात. आमच्या घरी पहिला प्रकार निघाला. ४ जीबीची एकच पट्टी होती आणि शेजारची खाच रिकामी होती. वडिलांना नव्या यंत्राचा खर्च टाळता आला, तो या पाच मिनिटांच्या तपासणीमुळे. विंडोज ३२ बिटांची असेल तर मात्र आधी ती ६४ बिटांची करावी लागते. कारण तिला ४ जीबीपलीकडे पाहताच येत नाही.

पट्टीची पिढी जुळलीच पाहिजे. डीडीआर-३ ला २४० पिना असतात, डीडीआर-४ आणि डीडीआर-५ ला २८८; पण तिघींच्या कडेचा खाचा वेगवेगळ्या जागी असतो. लॅपटॉपची पट्टी आखूड असते, ती येथे चालत नाही. दोन वेगांच्या पट्ट्या एकत्र लावल्यास दोन्ही मंद पट्टीच्या वेगाने चालतात. मांडव्याहून लाँचने जाऊन लॅमिंग्टन रोडवर खरेदी करणार असाल, तर जुन्या पट्टीवरील लेबलाचा फोटो सोबत न्यावा. दुकानदार विचारतो ते सारे त्यावर असते. २०२५ च्या अखेरीस रॅमच्या किमती फार चढल्या. तेव्हा दोन-तीन दुकाने फिरावीत.

बसविण्याचे काम सोपे आहे. संगणक बंद करून वायर काढावी, चालू करण्याचे बटण काही क्षण दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्यावी, मग पेटीच्या उघड्या धातूला हात लावावा. अंगातील स्थिर विजेने पट्टी निकामी होऊ शकते. खाचेच्या टोकाची चाप उघडून, खाचा जुळवून, दोन्ही टोकांवर सारखा दाब द्यावा. 'खट्ट' आवाज आला की बसली. जोर करावा लागत असेल तर थांबावे, बाजू उलटी असणार.

आपल्या किनाऱ्यावर एक जादा गोष्ट. खाऱ्या, दमट हवेने संपर्काच्या जागी मळ धरतो. मग पडदा काळा राहतो आणि संगणक नुसता बीप बीप करतो. अशा वेळी नवी पट्टी आणण्याआधी जुनी काढून तिच्या सोनेरी पिना मऊ खोडरबराने अगदी हलक्या हाताने पुसाव्यात, चुरा झटकावा आणि पुन्हा बसवून पाहावी. फार घासू नये, सोन्याचा मुलामा पातळ असतो. पावसाळ्यात आमच्याकडे ही सेवा एकदा तरी करावी लागतेच.