रेपो रेट आणि बाबांचा हप्ता

महागाई आवरायला रिझर्व्ह बँकेने ४ मे २०२२ला रेपो दर ४ वरून ४.४० टक्के केला. फेब्रुवारी २०२३ मध्ये तो ६.५० झाला. आमच्या घरकर्जाचा हप्ता तोच राहिला, पण मुदत वाढली. बाबा गप्प झाले.

बँका रिझर्व्ह बँकेकडून ज्या दराने उसने घेतात, तो रेपो. तो वाढला की बाजारात व्याज वाढतं. शंभराचा जुना सरकारी रोखा वर्षाला ७ रुपये देतो. नवा ८ देऊ लागला, तर जुना शंभराला कोण घेणार? त्याचा भाव पडतो. सरकारला नवं कर्ज महाग पडतं. मात्र बहुतेक जुन्या रोख्यांचं व्याज ठरलेलंच राहतं. बाबांचा दर बदलता होता!

म्हणून एज्युकेशन लोनवर सही करण्याआधी विचारा: दर स्थिर की बदलता?