वादळांचे वर्ष

समुद्राचे रूप मोठे फसवे असते. सकाळी जो किनाऱ्याशी शांतपणे खेळत असतो, तोच सायंकाळी खवळून उठतो आणि माडाच्या उंच झाडांनाही भूमीवर लोळवितो. भारताच्या दोन्ही अंगांस असे दोन समुद्र पसरलेले आहेत. पूर्वेस बंगालचा उपसागर आणि पश्चिमेस अरबी समुद्र. यांपैकी बंगालचा उपसागर वादळांसाठी पूर्वापार प्रसिद्ध. तेथे चार वादळे उठावीत, तेव्हा अरबी समुद्रात एखादे उठावे, असे जुने प्रमाण होते. २०१९ साली मात्र हे गणित उलटले. त्या एका वर्षात दोन्ही समुद्रांत मिळून ८ चक्रीवादळे झाली आणि त्यांपैकी ५ एकट्या अरबी समुद्रात उठली. या समुद्रात एका वर्षात इतकी वादळे झाल्याची नोंद यापूर्वी १९०२ सालची आहे.

चक्रीवादळ जन्मास येते तरी कसे? समुद्राचे ऊन पाणी हे त्याचे इंधन होय. पृष्ठभागापासून बऱ्याच खोलीपर्यंत पाणी सुमारे साडेसव्वीस अंश सेल्सिअसहून अधिक तापले, म्हणजे त्याची अमाप वाफ होऊन वर चढते. उंचावर ती थंड होते व तिचे ढग बनतात. वाफ होताना जी उष्णता तिने शोषून घेतलेली असते, ती तेथे मोकळी होते. त्या उष्णतेने हवा हलकी होऊन अधिकच वेगाने वर जाते आणि खाली हवेचा दाब कमी होतो. ही उणीव भरून काढण्यासाठी चोहोंकडून वारे धाव घेतात. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे ते सरळ न येता वळतात आणि उत्तर गोलार्धात घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने गरगर फिरू लागतात. त्यांचा वेग ताशी सुमारे ६२ किलोमीटरांवर गेला, की त्यास चक्रीवादळ म्हणतात.

प्रबळ वादळाच्या मध्यभागी वारा मंद असतो. त्या भागास वादळाचा ‘डोळा’ असे नाव आहे. डोळा डोक्यावर आला असता वादळ सरले असे समजून जो घराबाहेर पडतो, तो फसतो. कारण थोड्याच वेळात वारा उलट दिशेने तितक्याच जोराने येऊन आदळतो.

२०१९ च्या शरद ऋतूत हिंदी महासागराचा पश्चिम भाग नेहमीपेक्षा उष्ण आणि सुमात्रा बेटाकडील पूर्व भाग थंड झाला होता. त्यामुळे अरबी समुद्रातील वादळांना आयतेच बळ मिळाले. शिवाय अलीकडच्या दशकांत या समुद्राचे पाणी हळूहळू अधिक तापत चालले आहे. मनुष्याने कोळसा आणि तेल जाळून पृथ्वीचे तापमान वाढविले, त्याचाच हा एक परिणाम होय.

त्या वर्षीचे पहिले मोठे संकट पूर्व किनाऱ्यावर कोसळले. ‘फनी’ या वादळाने ३ मे रोजी ओडिशातील पुरीजवळ भूमीवर पाऊल टाकले. घरे, विजेचे खांब, वृक्ष यांचा चुराडा झाला. परंतु वादळ येण्यापूर्वीच सुमारे १२ लाख लोकांना सुरक्षित जागी हलविण्यात आले होते. याच ओडिशात १९९९ च्या ऑक्टोबरात महावादळ आले, तेव्हा सुमारे १०,००० माणसे प्राणास मुकली होती. ‘फनी’ने घेतलेले बळी शंभराच्या आत राहिले. मधल्या वीस वर्षांत समुद्र काही सौम्य झाला नव्हता. शहाणा झाला होता तो मनुष्य. त्याने निवारे बांधले, उपग्रहांच्या साहाय्याने आकाशावर दृष्टी ठेवली आणि गावोगाव इशारे पोहोचविण्याची व्यवस्था केली.

जूनमध्ये ‘वायू’ नावाचे वादळ गुजरातच्या रोखाने निघाले. तेथेही लाखो लोकांना हलविण्यात आले. पण किनाऱ्याजवळ येताच वादळाने आपली वाट बदलली. अशा वेळी कोणाच्याही मनात येईल, की हा सारा खटाटोप व्यर्थच झाला! परंतु हा विचार बरोबर नव्हे. वादळाची वाट अखेरच्या क्षणीही बदलू शकते. ते जसे दूर जाऊ शकते, तसेच अंगावरही येऊ शकते. एकदा इशारा ‘वाया गेला’ म्हणून जो दुसऱ्या वेळी घरातच बसून राहतो, त्याच्यावर पश्चात्ताप करण्याचाही प्रसंग कदाचित येत नाही.

ऑक्टोबरच्या अखेरीस ‘क्यार’ हे महावादळ कोकण किनाऱ्यासमोर उठले. ताशी २२० किलोमीटरांहून अधिक वेगाचे वारे त्याने समुद्रावर खेळविले. सुदैवाने ते पश्चिमेस वळले आणि भूमीवर आले नाही. ते विरले नाही तोच ‘महा’ हे दुसरे वादळ उठले. काही काळ दोन्ही वादळे एकाच वेळी या समुद्रात थैमान घालीत होती. मासेमारीच्या नौकांनी बंदरांचा आणि खाड्यांचा आश्रय घेतला. परंतु शेत काही हलविता येत नाही! ऐन दिवाळीत कोकणात भाताची कापणी चालू होती. पावसाने उभे पीक आडवे केले, कापलेल्या भाताला शेतातच कोंब फुटले. वादळ किनाऱ्यास न शिवताही शेतकऱ्याच्या तोंडचा घास हिरावून गेले.

पुढच्याच वर्षी, ३ जून २०२० रोजी, ‘निसर्ग’ हे वादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर येऊन धडकले आणि नारळी-पोफळींच्या बागा त्याने उद्ध्वस्त केल्या. पोफळीची नवी बाग फळास येण्यास कित्येक वर्षे लागतात. हानी एका दिवसाची, परंतु भरपाई अनेक वर्षांची!

वादळ थांबविण्याचे सामर्थ्य मनुष्याच्या ठायी नाही. मात्र त्याची चाहूल घेण्याचे ज्ञान त्याने मिळविले आहे. परंतु ज्ञान वेधशाळेत राहून भागत नाही. बंदरावर धोक्याचा बावटा चढला, की होडी किनाऱ्यास लागली पाहिजे; गाव सोडण्याचा निरोप आला, की घरातील वृद्धांचा आणि बालकांचा हात धरून पाऊल उचलले पाहिजे. बावटा वाऱ्याची दिशा बदलीत नाही. पण तो पाहणारा शहाणा असेल, तर माणसांचे प्राण वाचतात.

प्रश्न

१. चक्रीवादळ कसे निर्माण होते, ते तुमच्या शब्दांत लिहा.
२. १९९९ चे महावादळ आणि ‘फनी’ यांतील प्राणहानीत एवढा फरक का पडला?
३. ‘वायू’ने वाट बदलली, तरी लोकांना हलविणे योग्यच होते, हे सकारण पटवून द्या.
४. ‘हानी एका दिवसाची, परंतु भरपाई अनेक वर्षांची’ या वाक्याचा आशय स्पष्ट करा.