पेरणी दसऱ्याला, वन तिसऱ्या दसऱ्याला

बोन्सायची बहुतेक पुस्तके थंड देशांत लिहिली गेली. तिथे हिवाळा सरला की बी पेरायचे आणि वसंतात रोपांची मुळे छाटायची. अमिरातीत हे वेळापत्रक पाळले, तर मार्चमध्ये रुजलेल्या कोवळ्या रोपाला जेमतेम दोन महिने मिळतात; मे महिन्यात पारा चाळिशीला भिडतो आणि रोपे करपतात. दोष मग हवेला दिला जातो. खरे तर दुबई, शारजा, अबुधाबीत झाडांच्या वाढीचे दिवस ऑक्टोबर ते एप्रिल हे आहेत. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात पहाटे सुहैल तारा दिसू लागला की उन्हाळा उतरणीला लागला, असे इथले जुने लोक मानतात. हा सुहैल म्हणजे आपला अगस्त्य. मात्र तो दिसला म्हणून लगेच पेरणीची घाई नको, कारण सप्टेंबरही भाजून काढतो. दसऱ्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत पेरलेले बी ऊबदार मातीत रुजते आणि पुढच्या उन्हाळ्याआधी त्याला सहा महिने मिळतात. हंगाम आणि झाड दोन्ही इथलेच घेतले, तर ट्रेमधले छोटे वन बियापासून उभे करणे या देशात एकट्या भारदस्त बोन्सायपेक्षा सोपे आहे.

बियापासून बोन्साय करायचे तर वीस वर्षे थांबावे लागते, हा यावरचा नेहमीचा आक्षेप. एकट्या झाडाच्या बाबतीत तो खराच आहे, कारण तिथे सारी मदार जाड खोडावर असते. वनात मात्र बारीक, उंच, किंचित वेगवेगळ्या कलाची खोडेच हवी असतात. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय बोन्साय संग्रहालयातले जॉन नाका यांचे ‘गोशिन’ जगप्रसिद्ध आहे. त्यात अकरा जुनिपर आहेत, आणि सगळा परिणाम झाडांमधल्या अंतराचा आणि उंचीच्या चढउताराचा आहे. एकाच शेंगेतल्या बियांची रोपेही सारखी वाढत नाहीत, एक झेपावते, दुसरे मागे रेंगाळते. वन मांडणाऱ्याला हा फरक फुकट मिळतो. नर्सरीतून महागडा आयात जुनिपर किंवा जपानी मेपल आणण्यात त्यामुळे फारसा अर्थ नाही. या झाडांना थंडीची विश्रांती लागते, आणि दुबईत जानेवारीची रात्रही साधारण चौदा अंशांच्या आसपास असते. अशी झाडे एका उन्हाळ्यात मरत नाहीत, दोन-तीन वर्षांत खंगत जातात.

निवड करायची ती घाफची. २००८ मध्ये अमिरातीने राष्ट्रीय वृक्ष म्हणून घोषित केलेला घाफ म्हणजे दसऱ्याला पुजली जाणारी आपली शमी, राजस्थानातली खेजडी. त्याची संयुक्त पाने इतक्या बारीक पर्णिकांची असतात की पान लहान करण्याचा खटाटोप मुळातच वाचतो. शेंगा उन्हाळ्यात पिकून गळतात. बागेतल्या झाडाखालच्या शेंगा मालकाला विचारून उचलाव्यात आणि कोरड्या डब्यात ठेवाव्यात. वाळवंटातले रोप मात्र उपटून आणू नये, रानातल्या घाफला इथे कायद्याचे संरक्षण आहे. बी भोक पडलेले असेल तर ते भुंगेऱ्याने आतून खाल्लेले असते, ते टाकून द्यावे. आणखी एक फसगत नेहमी होते. रस्त्याकडेला माजलेली विलायती बाभूळ लांबून घाफसारखीच दिसते. तिची शेंग जाड, चपटी, पिवळसर आणि गोड असते, घाफची बारीक आणि जवळजवळ गोलसर. विलायती बाभूळ इथल्या जमिनीवर आक्रमण करणारी आहे, तिचे बी घरात आणू नये. घाफच्या शेंगा मिळाल्याच नाहीत तर वाणसामानाच्या दुकानातल्या अख्ख्या चिंचेतले चिंचोके चालतील, ते सहज रुजतात. गावाहून बी किंवा माती सामानातून आणण्याचा मोह टाळावा; परवाना आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राशिवाय ते आणता येत नाही.

घाफचे सोटमूळ तीस मीटरपर्यंत खोल जाते, मग ते उथळ ट्रेमध्ये कसे जगणार? हा आक्षेप जास्त वजनदार आहे, आणि त्याचे उत्तर बियातच सापडते. नर्सरीतल्या तीन-चार वर्षांच्या रोपाचे सोटमूळ छाटले तर ते दगावण्याचा धोका मोठा. तीन-चार आठवड्यांचे रोप ही छाटणी सहज सोसते. बीचे टणक कवच नेलकटरने एका बाजूला, डोळा सोडून, किंचित खरवडावे आणि बी दिवसभर पाण्यात भिजवावे. फुगेल तेवढे बोटाच्या पेराइतक्याही नाही, त्याच्या निम्म्या खोलीवर पेरावे. दोन खरी पाने आली की रोप हळूच काढून सोटमूळ सुमारे तीन सेंटिमीटर ठेवून कापावे, पुन्हा लावावे आणि आठवडाभर सावलीत ठेवावे. पंधरा झाडांचे वन हवे असेल तर साठेक बिया पेराव्यात, गळती गृहीत धरून. या आक्षेपाची एक बाजू मात्र मान्य केलीच पाहिजे. वाळवंटी झाडाला पाणी कमी लागते, ही समजूत कुंडीत घात करते. घाफ तग धरतो तो खोलवरच्या ओलीपर्यंत मूळ पोहोचते म्हणून. ती पोहोच आपण कापली, तेव्हा उन्हाळ्यात रोज पाणी देण्याची जबाबदारी आपली झाली.

पहिले दोन उन्हाळे रोपे ट्रेमध्ये मुळीच ठेवू नयेत. वीतभर खोल मातीच्या कुंडीत, तळाशी एक सपाट फरशीचा तुकडा ठेवून लावावीत, म्हणजे मुळे खाली न जाता आडवी पसरतात. काळ्या प्लॅस्टिकची कुंडी उन्हात इतकी तापते की मुळे शिजतात. एक कुंडी दुसऱ्या मोठ्या कुंडीत ठेवून मधे वाळू भरली तर हा ताप बराच उतरतो. वाळू समुद्रकिनाऱ्याची नको, तिच्यात मीठ असते. धुतलेली जाड वाळू, विटांचा चुरा किंवा परलाइट आणि थोडे कंपोस्ट पुरे. कोकोपीट वापरायचे तर दोन-तीनदा धुऊन घ्यावे. घाफ शेंगावर्गीय असल्याने नत्रखताचा मारा करू नये, फेब्रुवारी ते एप्रिल हलके खत बास. सावलीच्या तारखा लक्षात ठेवायला इथला कायदाच उपयोगी पडतो: १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरच्या कामाला बंदी असते. रोपांवरची पन्नास टक्क्यांची शेडनेट त्याच्या महिनाभर आधी चढवावी. पूर्वेची बाल्कनी उत्तम. पश्चिमेची भिंत रात्रीही आग ओकत राहते. एसीच्या खोलीत घाफ जगवण्याचा प्रयत्न करू नये, त्याला ऊन हवेच. गच्चीवरच्या टाकीचे पाणी उन्हाळ्यात नळाला कढत येते, म्हणून ते बादलीत रात्रभर निववून पहाटे घालावे. कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसला की क्षार साठलेत असे समजावे आणि तळातून भरपूर पाणी वाहून जाईल इतके घालून ते धुऊन काढावेत.

तिसऱ्या दसऱ्याच्या सुमारास वन मांडावे. सर्वांत उंच, जाड झाड मध्याच्या थोडे बाजूला, तीन खोडे एका रेषेत येऊ द्यायची नाहीत, आणि ट्रेचा एक भाग मोकळा ठेवायचा. नमुना जपानी देवदारांच्या दाट राईचा घेऊ नये. घाफचे खरे वन विरळ असते आणि उंट मान पोहोचेल तिथवरचा पाला खातात, त्यामुळे सगळ्या झाडांची पालवी खालून एका उंचीवर कापल्यासारखी दिसते. ट्रेमधल्या झाडांना ही रेघ दिली की ते अमिरातीचे वन आहे हे पाहताक्षणी कळते. निचऱ्याची भोके मात्र मोठी हवीत. इथे पाऊस पडतच नाही असे म्हणणाऱ्यांनी १६ एप्रिल २०२४ आठवावा. अल ऐनच्या खत्म अल शकला भागात चोवीस तासांच्या आत २५४ मिलिमीटर पाऊस झाला होता.

एवढे सांभाळूनही वने मरतात ती बहुधा जुलै-ऑगस्टमध्ये, शाळांना सुटी लागून कुटुंब गावी गेलेले असताना. शेजाऱ्यांना किल्ली देणे हा भरवशाचा उपाय नाही, तेही गावी गेलेले असतात. बॅटरीवर चालणारा टायमर आणि ठिबकच्या बारीक नळ्या बसवाव्यात, पाण्याची वेळ पहाटे पाचच्या आसपास ठेवावी, कारण दुपारी नळीतले पहिले पाणी मुळांना भाजते. ही व्यवस्था निघण्याच्या दोन आठवडे आधी सुरू करून कुठली कुंडी कोरडी राहते ते पाहावे, खालच्या मजल्यावर पाणी गळत नाही ना याचीही खात्री करावी, आणि ट्रे बाल्कनीच्या सर्वांत सावलीच्या कोपऱ्यात हलवावा.