‘पोटची’ नव्हे, ‘दत्तक’ म्हणूनच उभ्या राहा

प्रश्न : माझं वय 27. वडील गेल्या वर्षी गेले. सांगलीतला फ्लॅट त्यांनी पगारातून घेतलेला. गावाकडे आजोबांकडून वाट्याला आलेली सव्वादोन एकर जमीन आहे. वारस नोंदीसाठी आईचं आणि माझं नाव दिलं, तर चुलत भावाने हरकत घेतली. अर्जाला त्याने माझ्या जन्मनोंदीचा उतारा जोडलाय. त्यात आईवडील म्हणून माझ्या मावशीचं आणि तिच्या यजमानांचं नाव आहे. आई एवढंच म्हणाली, ‘चार महिन्यांची होतीस, तुला माझ्या ओटीत घातलं.’ कागद काहीच केलेला नाही. मामा म्हणतात, कोर्टात पोटचीच म्हणून सांगायचं, बाकी तोंड उघडायचं नाही. माझा या मालमत्तेवर हक्क आहे का? मावशीकडे काही आहे का? आणि मी नेमकी कोणाची, हेच मला आता कळेनासं झालंय.
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : मामांचा सल्ला मायेपोटी आलेला आहे, पण तो ऐकलात तर हातातली बाजू घालवून बसाल. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, 1956 च्या कलम 12 प्रमाणे दत्तक गेलेलं मूल त्या दिवसापासून सर्व बाबतींत दत्तक आईवडिलांचंच अपत्य ठरतं आणि जन्मघराशी असलेलं त्याचं नातं कायद्यापुरतं संपतं. वारसांच्या यादीत पोटची मुलगी आणि दत्तक मुलगी अशा दोन रांगा नाहीत. तेव्हा ‘मी कोणाची’ या प्रश्नाला कायदा रक्ताकडे पाहून उत्तर देत नाही. कोणी दिलं, कोणी घेतलं आणि काय मनात धरून, एवढंच तो विचारतो. (1956 पूर्वीच्या शास्त्रोक्त कायद्यात दत्तक म्हणजे मुलगाच. मुलगी ‘दत्तक घेतली’ असं उघड सांगण्याची रीत आपल्याकडे पडली नाही, ती कदाचित त्यामुळेही असेल.)

आता ‘पोटची’ म्हणून उभं राहिल्यावर काय होईल ते पाहा. जन्मनोंद तुमच्या विरुद्ध जाते. आईंना शपथेवर खोटं सांगावं लागतं आणि उलटतपासणीत प्रसूती कुठे झाली, डॉक्टर कोण, नोंद मावशीच्या गावी का, हे प्रश्न येणारच. एक गोष्ट खोटी निघाली की त्याच तोंडून आलेल्या खऱ्या गोष्टींवरही संशय येतो, आणि मग मागाहून दत्तकाची बाजू मांडली तर ती नंतर सुचलेली वाटते. याउलट पहिल्या दिवसापासून ‘दत्तक’ म्हटलंत, तर चुलत भावाने आणलेला उतारा तुमचाच कागद होतो. दत्तक द्यायचा अधिकार जन्मदात्यांना असतो, आणि ते जन्मदाते कोण हे त्या उताऱ्यावरून सिद्ध होतं. म्हणून ती नोंद ‘दुरुस्त’ करून घ्यायच्या फंदात आता अजिबात पडू नका.

यावर कोणी म्हणेल, की बाकी सगळ्या कागदांवर वडिलांचंच नाव आहे, आणि डीएनए चाचणीची सक्ती तर कोर्ट करत नाही. मग झाकली मूठ का उघडायची? यातला अर्धा भाग बरोबर आहे. पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयातून आलेल्या मालमत्तेच्या एका वादात 2021 साली सर्वोच्च न्यायालयाने असंच म्हटलं. बहिणींनी भावाच्या डीएनए चाचणीची मागणी केली होती. तो तयार नसताना त्याला चाचणी द्यायला लावणं हा त्याच्या खासगीपणावर घाला आहे, त्याने आपला दावा कागदपत्रांनी सिद्ध करावा, असं न्यायालयाने ठरवलं. पण नकार देणाऱ्याला त्या नकाराचे परिणाम सोसावे लागू शकतात, आणि तुमच्या बाबतीत विरुद्ध बाजूकडे सरकारी नोंदही आहे. ‘दत्तक’ म्हटल्यावर डीएनएचा मुद्दाच उरत नाही. रक्त वेगळं आहे हे तुम्ही आधीच सांगून मोकळ्या झालेल्या असता.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे : कागदच नाही, मग दत्तक सिद्ध कसं करणार? दत्तकपत्र नोंदवलंच पाहिजे अशी सक्ती कायद्यात नाही. दत्तहोमही आवश्यक नाही, हे कलम 11 मध्येच स्पष्ट केलं आहे. लागतं ते प्रत्यक्ष देणं आणि घेणं, म्हणजे मूल एका घरातून दुसऱ्या घरात कायमचं सोपवण्याच्या हेतूने हाती देणं. देणाऱ्या-घेणाऱ्यांच्या सह्यांचं नोंदणीकृत पत्र असतं, तर कलम 16 प्रमाणे कोर्टाने दत्तक वैध आहे असं गृहीतच धरलं असतं. ती सोय तुम्हाला नाही. पुराव्याचा सगळा भार तुमच्यावर आहे. भावाचा वकील म्हणेल, ‘बहिणीची मुलगी सांभाळायला आणली होती, दत्तक कुठे घेतली?’ हाच खरा सामना आहे. दत्तकामुळे वारसाहक्काचा नेहमीचा क्रम बदलतो, म्हणून पुरावा संशयापलीकडचा हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने 1959 मध्ये बजावलं होतं. त्याच न्यायालयाने 1970 मध्ये हेही मान्य केलं, की जुन्या दत्तकाचा प्रत्यक्ष पुरावा काळाच्या ओघात नाहीसा होतो, आणि वर्षानुवर्षं घरादाराने त्या व्यक्तीला अपत्य म्हणून कसं वागवलं याला मग महत्त्व येतं. तुमचं दत्तक 1998 च्या सुमाराचं. आईंचं ओटीतलं वाक्य हा देण्या-घेण्याचा साक्षात पुरावा आहे, पण ते एकटं पुरणार नाही. बारशाची पत्रिका, त्या दिवसाचे फोटो, शाळाप्रवेशाचा अर्ज, रेशनकार्ड, वडिलांच्या सेवापुस्तकातली कुटुंबाची माहिती, विमा आणि सोसायटीतली नामनिर्देशनं, हे सगळं काढा. नामनिर्देशनाने मालकी मिळत नाही, पण वडिलांनी तुम्हाला काय मानलं हे त्यावरून दिसतं.

एक बारकावा वकिलांच्याही नजरेतून सुटतो. 2010 ची दुरुस्ती होईपर्यंत, वडील हयात असताना मूल दत्तक देण्याचा अधिकार त्यांचाच होता, आईच्या संमतीने. म्हणजे तुमच्या प्रकरणात देणारे मावशीचे यजमान. मावशीची साक्ष हवीच, पण त्यांची साक्ष त्याहून मोलाची आहे. त्यांची तब्येत बरी नसेल तर कोर्टाकडून कमिशन नेमून घरी साक्ष घेता येते. त्यासाठी अर्ज लवकर करा. त्याच कायद्यातल्या दोन अटीही तपासून घ्या : त्या वेळी तुमच्या दत्तक आईवडिलांना दुसरी मुलगी नसावी, आणि वडील तुमच्यापेक्षा किमान 21 वर्षांनी मोठे असावेत.

आता चुलत भावाला या हरकतीतून काय मिळणार आहे? आज तरी काही नाही, आणि हे त्याला बहुधा ठाऊक नसावं. आजी हयात नाहीत असं धरून चालतो. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे वडिलांच्या मालमत्तेचे पहिल्या वर्गातले वारस म्हणजे पत्नी आणि मुलगी, अर्धा-अर्धा. तुम्हाला यादीतून काढलं तर तुमचा अर्धा हिस्सा पुतण्याकडे जात नाही, सगळंच आईंकडे जातं. पुतण्या दुसऱ्या वर्गात येतो आणि पहिल्या वर्गात कोणी असेपर्यंत त्याचा नंबर लागत नाही. गावच्या जमिनीतही त्याला मिळेल ते त्याच्या वडिलांच्या शाखेचं. खरा धोका आईंच्या पश्चात आहे. स्त्रीला नवऱ्याकडून वारशाने आलेली मालमत्ता, तिला मुलगा-मुलगी वा त्यांची मुलं नसतील आणि मृत्युपत्रही नसेल, तर कलम 15 प्रमाणे नवऱ्याच्या वारसांकडे जाते. तिथे हा पुतण्या येऊन बसतो.

म्हणून कोर्टाच्या निकालाची वाट न पाहता आईंनी आत्ताच मृत्युपत्र करावं. वारशाने आलेल्या हिश्श्याच्या त्या पूर्ण मालक आहेत. मृत्युपत्रात ‘मला मिळालेला वा मिळणारा सगळा हिस्सा’ असे शब्द हवेत आणि तुमचं पूर्ण नाव, जन्मतारखेसह. नुसतं ‘माझी मुलगी’ लिहिलं तर वाद पुन्हा तिथेच येतो; ‘पोटची’ लिहिलं तर खोटंही ठरतं. ‘माझी दत्तक मुलगी’ लिहून नाव घातलं, की पुढे दत्तक सिद्ध न झालं तरी आईंनी दिलेला हिस्सा नावामुळे तुम्हालाच राहतो. दोन साक्षीदार पुरतात. नोंदणी सक्तीची नाही, पण या प्रकरणात करून घ्या आणि डॉक्टरांचा दाखलाही जोडा. हयातीतच बक्षीसपत्र करायचा सल्ला कोणी देईल, कारण महाराष्ट्रात मुलीला राहतं घर वा शेतजमीन बक्षीस देताना मुद्रांक शुल्क नाममात्र आहे. मला तो पटत नाही. म्हातारपणी बाईने आपलं छप्पर स्वतःच्या नावावर ठेवावं.

मावशीच्या मालमत्तेत वारस म्हणून तुमचा हक्क उरलेला नाही. मावशीने मृत्युपत्राने काही दिलं तर गोष्ट वेगळी. दोन्हीकडून मागायला जाऊ नका, कारण तिकडे हक्क सांगितलात की इकडचं दत्तक तुम्हीच नाकारल्यासारखं होईल. जन्मघराचा एक धागा मात्र कायद्याने मुद्दाम शिल्लक ठेवला आहे : लग्नासाठी जन्मघरातली निषिद्ध नाती दत्तकानंतरही निषिद्धच राहतात. लग्नाच्या वयाच्या मुलीपासून हे गुपित ठेवणं म्हणूनही चुकीचं होतं. संस्थेतून दत्तक गेलेल्यांना 18 वर्षं पूर्ण झाल्यावर मूळ शोधण्यासाठी केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. तिथे जन्मदात्यांचा खासगीपणा आडवा येऊ शकतो. तुम्हाला त्या वाटेने जायची गरज नाही, विचारायची माणसं घरातच आहेत.

तलाठी आणि मंडळ अधिकाऱ्यांसमोरच्या सुनावणीला हजर राहा, पण तिथे मालकी ठरत नाही. फेरफार हा महसुलासाठी असतो. दत्तक वैध असल्याची घोषणा दिवाणी न्यायालयातच मागावी लागेल, आणि त्यासाठी हक्क नाकारला गेल्यापासून 3 वर्षांची मुदत आहे. ती त्या हरकत अर्जापासून मोजली जाऊ शकते, तेव्हा अर्जाची नक्कल आणि तो तुम्हाला कळल्याची तारीख आजच फाइलला लावून ठेवा.