आग्या मोहोळ उठलं तर

प्रश्न: गडावर सहकुटुंब गेलो असता आग्यामाश्या उठल्या, थोडक्यात वाचलो. निपचित पडून राहावं, असं सोबतचे म्हणत होते. ते योग्य का?

उत्तर: नाही, तिथून निघावं. आग्यामाशीचा काटा कातडीत रुतून राहतो आणि त्यासोबत सुटणारा वास इतर माश्यांना तिथंच बोलावतो. थांबलेला माणूस त्यांना आयता सापडतो. हालचालीनं त्या चिडतात हे खरं, म्हणूनच हात झटकू नयेत. पण पोरांना घेऊन, तोंड झाकून, कड्याची बाजू सोडून बंद खोलीत किंवा गाडीत शिरणं वेगळं. पाण्यात बुडी मारली तरी त्या वर घोंगावत राहतात. काटे लगेच नखानं खरवडा. धाप लागली, चेहरा सुजला किंवा डंख बरेच असले, तर थेट रुग्णालय गाठा. आणि मोहोळाखाली चूल पेटवू नका.