बांधकामाची छायाचित्रे : दस्तऐवज म्हणून वाचन

प्रस्तावना

पूर्ण झालेल्या इमारतीवरून तिच्या बांधकामाची कल्पना येत नाही. परांची उतरवली जाते, पाया झाकला जातो, कामगार निघून जातात. एकोणिसाव्या शतकात छायाचित्रणामुळे बांधकामाचे टप्पे नोंदवणे शक्य झाले. अशा नोंदी कशा वाचाव्यात, हे एका उदाहरणावरून पाहू.

विवेचन

१८५१ च्या महाप्रदर्शनासाठी लंडनच्या हाइड पार्कमध्ये जोसेफ पॅक्स्टन यांच्या आराखड्यानुसार लोखंड व काच यांची ‘क्रिस्टल पॅलेस’ ही वास्तू उभारण्यात आली. प्रदर्शनानंतर ती उतरवून सिडनहॅम येथे अधिक विस्तृत रूपात पुन्हा बांधली गेली. १८५४ मध्ये तिचे उद्घाटन झाले. या पुनर्बांधणीची छायाचित्रे फिलिप हेन्री डेलामोट यांनी घेतली. त्यांपैकी १६० छायाचित्रांचे दोन खंड १८५५ मध्ये प्रसिद्ध झाले. ३० नोव्हेंबर १९३६ रोजी ही वास्तू आगीत नष्ट झाली. त्यामुळे तिच्या अभ्यासासाठी ही छायाचित्रे आज विशेष मोलाची आहेत.

मात्र या साधनाला मर्यादा आहेत. त्या काळी काचेवर रासायनिक लेप देऊन तो ओला असतानाच छायाचित्र घ्यावे लागे. प्रकाशाचा परिणाम होण्यास काही सेकंद लागत. त्यामुळे स्थिर खांब व तुळया स्पष्ट उमटत; हालचाल करणारा माणूस पुसट दिसे किंवा उमटतच नसे. म्हणजे काम करणारा माणूसच कामाच्या नोंदीतून निसटण्याचा संभव होता.

दुसरी मर्यादा हेतूची. ही नोंद बांधकाम करणाऱ्या कंपनीसाठी केलेली होती. तिचा विषय प्रगती हा होता. १५ ऑगस्ट १८५३ रोजी याच ठिकाणी परांची कोसळून १२ कामगार मृत्युमुखी पडले. हे कसे व का घडले, हे समजण्यासाठी छायाचित्रांसोबत समकालीन वृत्तपत्रे व चौकशीची कागदपत्रे वाचावी लागतात.

समारोप

छायाचित्र वास्तूचे रूप दाखवते. कर्ता, कारण व परिणाम यांसाठी शब्दांचा आधार घ्यावा लागतो. म्हणून दोन्ही साधने परस्परांशी ताडून पाहावीत.

स्वाध्याय

आपल्या परिसरातील एखाद्या बांधकामाचे छायाचित्र मिळवा. त्यात काय दिसते आणि कोण दिसत नाही, याविषयी दहा ओळी लिहा.